खुनाच्या खटल्याला मुदत असावी का?

खुनानंतर ठरावीक वर्षांत खटला उभा राहिला नाही, तर तो कायमचा बुडाला, असा नियम युरोपातल्या अनेक देशांत आणि पुढे जपान व दक्षिण कोरियातही होता. साक्षीदारांची आठवण पुसट होते, पुरावे नष्ट होतात, ही त्यामागची भूमिका. तिची मुळं रोमन कायद्यातल्या २० वर्षांच्या मुदतीपर्यंत जातात. इंग्लंडमध्ये मात्र खुनाला अशी मुदत नव्हतीच.

या नियमाची खरी कसोटी पश्चिम जर्मनीत लागली. तिथेही मुदत २० वर्षांचीच. नाझी राजवट ८ मे १९४५ रोजी कोसळली. म्हणजे मे १९६५ नंतर छळछावण्यांतले मारेकरी उजळ माथ्याने फिरले असते. सदोष मनुष्यवधाची १५ वर्षांची मुदत तर १९६० मध्येच संपली होती आणि संसदेने ती संपू दिली होती. १९६५ मध्ये बराच वाद होऊन तोडगा निघाला: १९४९ अखेरपर्यंतचा काळ मोजायचाच नाही. १९६९ मध्ये मुदत ३० वर्षांवर गेली. ३ जुलै १९७९ रोजी, २५५ विरुद्ध २२२ मतांनी, ती रद्दच झाली. इतक्या मोठ्या संहारानंतरही फरक फक्त ३३ मतांचा, हे मला आजही अस्वस्थ करतं.

त्याहून संतापजनक घडलं ते १९६८ मध्ये. किरकोळ गुन्ह्यांविषयीच्या एका कायद्यातल्या तांत्रिक कलमामुळे, स्वतःचा नीच हेतू सिद्ध न होणाऱ्या साथीदारांची कमाल शिक्षा घटली. शिक्षेबरोबर मुदतही आखडली आणि त्यांचे गुन्हे १९६० पासूनच मुदतबाह्य ठरले. कचेरीत बसून हत्याकांडाची कागदपत्रं हलवणाऱ्या कित्येकांना त्याचा फायदा मिळाला. खासदारांच्या हे ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

जपानने २७ एप्रिल २०१० रोजी खुनाची मुदत काढून टाकली आणि कायदा त्याच दिवशी लागू केला. कुराशिकी इथल्या १९९५ च्या दुहेरी खुनाची मुदत त्याच मध्यरात्री संपणार होती. हा रेटा होता मृतांच्या नातेवाइकांचा.

दक्षिण कोरियाने हीच वाट २०१५ मध्ये धरली. पण आधीच संपलेली मुदत तिथे पुन्हा जिवंत झाली नाही. ह्वासाँगमधल्या १९८६ ते १९९१ दरम्यानच्या खुनांतल्या शेवटच्या गुन्ह्याची मुदत २००६ मध्ये सरली होती. २०१९ मध्ये डीएनएवरून संशयित सापडला, त्याने कबुलीही दिली. खटला मात्र भरता आला नाही.