न जुळणारा जमाखर्च: इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या फुटबॉल क्लबांची गोष्ट

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा लँकेशरमधल्या एका छोट्या गिरणगावाचा क्लब. १९५८ साली त्याच्या संचालकांनी ऑल्डरशॉट इथे लष्करी सोहळ्यासाठी उभारलेली प्रेक्षक-गॅलरी विकत घेतली. किंमत १,४५० पौंड. सौदा स्वस्तात पडला, असं त्यांना वाटलं. पण ती सुटी करून, दक्षिण इंग्लंडमधून वाहून आणून आपल्या पील पार्क मैदानावर पुन्हा उभी करेपर्यंत खर्च १०,००० पौंडांच्या वर गेला. चार वर्षांनी, मार्च १९६२ मध्ये, सुमारे ६०,००० पौंडांचं कर्ज डोक्यावर असलेल्या या क्लबने हंगाम अर्ध्यावर टाकून लीगचा राजीनामा दिला. मागाहून तो परत घेण्याची धडपड झाली, पण लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर बधले नाहीत. स्टॅन्लीचे त्या हंगामात झालेले ३३ सामने नोंदवहीतून रद्द झाले.

खालच्या लीगमधला एखादा क्लब बुडाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: अंथरूण पाहून पाय पसरायला हवे होते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. वर चढण्याची इच्छाच नसेल, तर पाऊस अंगावर घेत शनिवारी मैदानावर कोण जाईल? महत्त्वाकांक्षा हा अशा क्लबचा श्वास आहे. घात होतो तो स्वप्न बघणारा एक आणि त्याचं बिल भरणारा दुसरा अशी फारकत झाल्यावर. इंग्लंडमध्ये ही फारकत एका रात्रीत झालेली नाही. तिला शंभराहून अधिक वर्षं लागली.

मुळात लीगचा जन्मच हिशेबाच्या चिंतेतून झाला. १८८५ मध्ये खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली आणि क्लबांवर दर आठवड्याचा खर्च येऊन पडला. उत्पन्न मात्र बेभरवशाचं. मैत्रीपूर्ण सामने ऐन वेळी रद्द व्हायचे, चषक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलं की गल्ला रिकामा. अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी यावर तोडगा सुचवला: ठरावीक क्लबांनी ठरलेल्या तारखांना एकमेकांशी खेळायचंच. १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली ती तिकीटबारीवर दर पंधरवड्याला खात्रीचे पैसे यावेत म्हणून.

पुढची अनेक दशकं छोट्या क्लबांना दोन बंधनांनी सांभाळलं. खेळाडूच्या पगारावर १९०१ पासून कमाल मर्यादा होती, सुरुवातीला आठवड्याला ४ पौंड. आणि इंग्लंडच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) नियमानुसार भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा होती, संचालकांना पगार घेता येत नव्हता आणि क्लब गुंडाळला तर उरलेली मालमत्ता मालकांच्या खिशात जात नव्हती. म्हणजे क्लब कागदोपत्री कंपनी असला तरी तो कमाईचं साधन नव्हता. स्थानिक खाटीक, कंत्राटदार, गिरणीमालक संचालक म्हणून बसायचे, अडीनडीला पदरमोड करायचे आणि त्या बदल्यात गावात मान मिळवायचे. खेळाडूंवर पगाराची मर्यादा अन्यायाची होती यात शंका नाही. गर्दी खेचणाऱ्या माणसाला त्या गर्दीच्या मानाने फार थोडं मिळत होतं. पण छोट्या क्लबला त्या मर्यादेने मोठ्यांशी बोली लावण्यापासून वाचवलं, हेही तितकंच खरं.

तिसरी गोष्ट होती पुनर्निवडणुकीची. लीगमध्ये वरखाली पायऱ्या असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात. १९२०-२१ मध्ये तिसऱ्या पायरीच्या डिव्हिजन आल्या, १९५० मध्ये क्लबांची संख्या ९२ झाली, १९५८ मध्ये चौथी डिव्हिजन निघाली. तळाच्या क्लबांना लीगमध्ये राहण्यासाठी दर वर्षी इतर क्लबांची मतं मागावी लागत. बहुतेक वेळा ती मिळत, कारण मतदार जुने सोबतीच असत. बाहेरच्या चांगल्या क्लबांवर यात अन्याय व्हायचा. आत असलेल्यांना मात्र घसरण्याची भीती फारशी नव्हती, आणि भीती नसली की उधळपट्टीही आटोक्यात राहते.

युद्धानंतर १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना मिळून ४ कोटी १० लाखांवर प्रेक्षक आले. तो कळस होता. मग ओहोटी लागली. घरात टीव्ही आला, दारात मोटार आली, आणि अ‍ॅक्रिंग्टनसारख्या गावचा माणूस जवळच्याच बर्नली किंवा ब्लॅकबर्नच्या मैदानावर जाऊ लागला. बर्नली तर १९६० मध्ये देशाचा विजेता होता. घरापासून पाच-सहा मैलांवर पहिल्या डिव्हिजनचा खेळ बघायला मिळत असताना चौथ्या डिव्हिजनसाठी तिकीट काढणारे उरले ते हाडाचे पाठीराखे.

१९६१ मध्ये जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने कमाल पगाराची मर्यादा उठवायला लावली. तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच १०० पौंड मिळू लागले. स्टॅन्लीच्या अस्ताचं खापर या निर्णयावर फोडणं चूक ठरेल, त्यांचं कर्ज आधीचं होतं. पण त्या वर्षापासून वर चढायचं तर किती खर्च करावा लागेल, याला छप्पर उरलं नाही.

तरीही क्लबांचं एकमेकांना धरून राहणं आणखी वीस वर्षं टिकलं. घरच्या सामन्याच्या तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या क्लबला मिळायचा. टीव्हीचे पैसे सगळ्या ९२ क्लबांत सारखे वाटले जायचे, त्यामुळे लिव्हरपूलचा सामना दाखवला तरी चार पैसे रॉचडेललाही जायचे. १९८३ मध्ये पाहुण्यांचा वाटा बंद झाला. त्याच वर्षी टॉटनहॅमने वर एक वेगळी कंपनी उभी करून तिचे शेअर बाजारात आणले आणि लाभांशावरच्या जुन्या मर्यादेला वळसा घातला. १९८६ मध्ये टीव्हीच्या पैशांतला अर्धा वाटा पहिल्या डिव्हिजनने घेतला, १९८८ च्या करारात तीन चतुर्थांश. १९९२ मध्ये वरचे २२ क्लब प्रीमियर लीग म्हणून वेगळेच झाले. माझ्या मते छोट्या क्लबांच्या अर्थकारणाचा खरा कणा मोडला तो या नऊ वर्षांत. नंतरच्या मालकांच्या चुका मोठ्या होत्या, पण त्या मोडलेल्या कण्यावर बसलेले घाव होते.

याच काळात तळाचं दारही उघडलं. १९८७ पासून लीगमध्ये शेवटचा आलेला क्लब मतदानाविना थेट बाहेर जाऊ लागला. पहिला बळी लिंकन सिटी, आणि त्याच्या जागी स्कारबरो. खेळाच्या न्यायाने हे योग्यच झालं. पण आता वर जायच्या ओढीला खाली पडायची धास्ती जोडली गेली. दोन्हींवर उपाय एकच होता: आणखी एक खेळाडू, आणखी थोडा पगार. लिंकन पुढच्याच वर्षी परतला. स्कारबरो २००७ मध्ये कर्जापायी बंद पडला.

मग आली आयटीव्ही डिजिटलची घटना. २००० साली फुटबॉल लीगने, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या ७२ क्लबांनी, या वाहिनीशी तीन वर्षांसाठी ३१५ दशलक्ष पौंडांचा करार केला. क्लबांनी ते पैसे हातात आल्यासारखं धरून खेळाडूंशी दोन-तीन वर्षांचे करार केले. पण खालच्या लीगचे सामने घरी बसून पाहणारे पुरेसे निघाले नाहीत आणि २००२ च्या वसंतात वाहिनी कोसळली. १७८.५ दशलक्ष पौंड यायचे बाकी होते. लीगने वाहिनीच्या मागे असलेल्या कार्लटन आणि ग्रॅनडा या बड्या कंपन्यांकडे पैसे मागितले, तेव्हा न्यायालयात उघड झालं की त्या कंपन्यांची रीतसर हमी करारात घेतलेलीच नव्हती. लीग खटला हरली. येणारे पैसे थांबले तरी खेळाडूंचे करार संपत नव्हते. अनेक क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाच्या, म्हणजे देणी निस्तरण्यासाठी कायद्यानुसार नेमलेल्या माणसाच्या, हाती गेले, त्यांत बार्न्सलीही होता आणि लेस्टर सिटीही. लेस्टर तर त्याच हंगामात कर्जाचं ओझं उतरवून प्रीमियर लीगमध्ये चढला. बाकीचे संतापले आणि २००४ पासून प्रशासक नेमावा लागला तर १० गुण कापायचा नियम आला, जो पुढे १२ गुणांचा झाला.

अशा वेळी देणी फेडण्याचा जो क्रम आहे, तो मला आजही अस्वस्थ करतो. फुटबॉलच्या नियमानुसार इतर क्लबांची आणि खेळाडूंची देणी पूर्ण द्यावी लागतात, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. बाकीच्यांना उरलंसुरलं. त्या बाकीच्यांत सामन्याला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहणारी स्वयंसेवी संस्था असते, छपाईवाला असतो, इलेक्ट्रिशियन असतो. मालकाच्या स्वप्नाची किंमत अशी गावातली माणसं मोजतात.

तिकीटबारीची जागा एका माणसाच्या खिशाने घेतली की काय होतं, याची दोन उदाहरणं. डार्लिंग्टनचे मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी काही हजार प्रेक्षकांच्या क्लबसाठी २५,००० आसनांचं स्टेडियम बांधलं. २००३ च्या उन्हाळ्यात ते उघडलं आणि नाताळच्या आत क्लब प्रशासकाच्या ताब्यात होता. २०१२ मध्ये पाठीराख्यांना चार पायऱ्या खालून सुरुवात करावी लागली. रश्डेन अँड डायमंड्सची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथले मालक मॅक्स ग्रिग्ज यांनी मनापासून आणि वर्षानुवर्षं पैसा ओतला. त्यांच्या डॉक्टर मार्टेन्स बुटांच्या जिवावर १९९२ मध्ये जन्मलेला क्लब २००१ मध्ये लीगमध्ये पोचला. २००५ मध्ये त्यांनी क्लब पाठीराख्यांकडे सोपवला आणि २०११ मध्ये तो संपला. चांगला मालक गेला तरी क्लब बुडू शकतो, हे या गोष्टीतून दिसतं. म्हणून केवळ ‘चांगले मालक शोधा’ या सल्ल्यावर माझा विश्वास नाही.

उलट बाजूला एक्सेटर सिटी. २००३ मध्ये लीगमधून घसरलेला, कर्जात बुडालेला हा क्लब पाठीराख्यांच्या ट्रस्टने हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये एफए कप या चषक स्पर्धेत त्यांची मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली. ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,००० प्रेक्षकांसमोर सामना ०-० सुटला. या स्पर्धेत गल्ल्याचा वाटा दोन्ही क्लबांना मिळतो, शिवाय तेव्हाच्या नियमाने बरोबरीनंतर घरच्या मैदानावर फेरसामना झाला. त्या दोन सामन्यांच्या पैशांनी जुनी देणी निस्तरली. पण नशिबाने साथ दिली एवढंच सांगून थांबलं तर एक्सेटरवर अन्याय होईल. पुढे त्यांनी पैसा आपल्या अकादमीत घातला. तिथे घडलेला ऑली वॉटकिन्स २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकला गेला, आणि २०२० मध्ये तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा करारातल्या कलमामुळे एक्सेटरला पुन्हा वाटा मिळाला. यात चढाई सावकाश होते, पण ती स्वतःच्या कमाईतून होते.

रेक्सहॅमनेही २०११ पासून दहा वर्षं असाच पाठीराख्यांचा कारभार केला. मग ट्रस्टच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने क्लब अभिनेते रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी यांना द्यायचं ठरवलं आणि २०२३, २०२४, २०२५ अशा सलग तीन बढत्या मिळाल्या. हे यश खरं आहे. पण त्यांच्यावर निघाली तशी जगभर पाहिली जाणारी मालिका प्रत्येक क्लबवर निघत नाही.

मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबने १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकला होता. २०१९ च्या वसंतात खेळाडूंचे पगार थकलेले असताना संघाने तिसऱ्या पायरीवर बढती मिळवली. काही महिन्यांपूर्वीच क्लब १ पौंडाला विकला गेला होता, गिग लेन मैदान गहाण होतं, पार्किंगच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या होत्या. २७ ऑगस्टला नवा खरेदीदार येणार अशा आशेवर शेकडो लोक झाडू, बादल्या घेऊन मैदानावर आले आणि त्यांनी धूळ खात पडलेल्या खुर्च्या पुसल्या. त्याच दिवशी खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री लीगने बरीला काढून टाकलं.

त्यानंतर शासन हललं. २०२० मध्ये लीगने खालच्या दोन डिव्हिजनमधल्या संघांच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घातली, पण खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितल्यावर ती फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अहवालाने स्वतंत्र नियामकाची शिफारस केली आणि जुलै २०२५ मध्ये तसा कायदा झाला. या कायद्यानुसार क्लबला परवाना हवा, मालकाच्या पैशांची तपासणी हवी, मैदान विकायला मंजुरी हवी. वरून खाली किती पैसा झिरपावा, हा १९८३ पासूनचा प्रश्न मात्र अजून वाटाघाटीतच अडकला आहे.

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली १९६८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये परतला. त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडला ऑक्सफर्ड युनायटेड, ज्याला १९६२ मध्ये स्टॅन्लीच्या रिकाम्या जागी घेतलं होतं. बरीचे पाठीराखे आज गिग लेनवर परतले आहेत. २०२३ मध्ये ते तिथे आले तेव्हा त्यांचा संघ नवव्या पायरीवर खेळत होता आणि सामन्याला हजारो माणसं तिकीट काढून येत होती.