झेप की उडी? फोटोवर जाऊ नका

जतच्या भाच्यानं परवा फोटो धाडला. त्याचा कारवानी कुत्रा माळावर, चारही पाय हवेत, खाली मजकूर: "मामा, बघा की, काय उडी मारलीय!" मी लिहिलं, ही उडी नव्हेच, ही झेप. तेव्हापासून वाद चालू आहे.

बोलताना आपण दोन्ही शब्द कसेही वापरतो. इथं सोयीसाठी असं धरू: चौखूर धावताना ढांगेढांगेत कुत्रा जमीन सोडतो ती झेप, दांडीवरून जातो ती उडी. कारवानी किंवा मुधोळ कुत्रा भरवेगात एका ढांगेत दोनदा हवेत असतो. मागच्या पायांनी रेटलं की अंग ताणलेलं. पुढच्यांनी रेटलं की चारही पाय पोटाखाली गोळा. भाच्याचा फोटो या दुसऱ्या क्षणाचा. दांडी ओलांडतानाही पुढचे पाय छातीशी आखडलेले असतात, म्हणून फसगत होते.

आता हिशेब. समजा, धावताना अंगाचा गुरुत्वमध्य ५ सेंमी वर गेला. हवेतला वेळ साधारण ०.२ सेकंद, वेग सेकंदाला १० मीटर असेल तर २ मीटर गेलेच. दांडीसाठी तोच मध्य २० सेंमी उचलला आणि वेग ५ मीटरवर आला, तर वेळ ०.४ सेकंद, अंतर पुन्हा २ मीटर. लांबी तीच. पण खाली येण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला १ मीटर, दुसऱ्यात २, म्हणजे उतरताना जिरवायची ऊर्जा चौपट! आणि ती आधी पुढच्या पायांवर येते. कुत्र्याला आपल्यासारखी हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, नसते. पुढचा पाय धडाला स्नायूंच्या झोळीनंच जोडलेला. दणका झेलते तीही झोळी, लचकते तीही.

१९७८ साली लंडनला भरलेल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात सुरू झालेल्या कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे अ‍ॅजिलिटीत हे दोन्ही प्रकार भेटतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत मोठ्या कुत्र्यांसाठी दांडी ५५ ते ६० सेंमी उंच. लांब उडीचा अडथळा १.२० ते १.५० मीटर, पण बुटका. तो खरं तर झेपेचाच सख्खा भाऊ.

ओळखायचं असेल तर हवेतलं सोडा, मागचे पंजे बघा. भाच्यानं रंगाच्या दोन डब्यांवर पाइप ठेवून मोबाइलवर स्लो मोशन घेतलं. धावताना मागचे पंजे एकापाठोपाठ टेकत होते. पाइपाअलीकडं मात्र ते जवळजवळ एकदमच, शेजारीशेजारी रुतले, आणि भुसभुशीत मातीत जोडठसा उमटला. तो फोटो त्यानं न सांगता पाठवला, म्हणजे वाद मिटला म्हणायचा.

कुत्रं अजून वर्षाचं नाही. या अंगाच्या कुत्र्यांच्या हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात. म्हटलं, पाइप तूर्त जमिनीवरच ठेव. माळावर मात्र मोकळं सोड त्याला.