अपोलो साडेदहा (ॲनिमेशनपट)

‘अपोलो १०½ : अ स्पेस एज चाइल्डहुड’ हा रिचर्ड लिंकलेटर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला अमेरिकी ॲनिमेशनपट. मार्च २०२२मध्ये तो ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि १ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. मे १९६९मधील अपोलो १० आणि जुलैमधील अपोलो ११ या नासाच्या चांद्रमोहिमांच्या मध्ये एक ‘साडेदहावी’ मोहीम गुपचूप पार पडली, ही चित्रपटातली मूळ थाप.

थापेचा तपशील मजेदार आहे. चंद्रावर उतरायचे यान हिशेबाच्या चुकीने लहान बांधले गेले आहे, मोठे माणूस त्यात मावत नाही. म्हणून नासाची दोन माणसे चौथीतल्या स्टॅनला शाळेत गाठतात. घरच्यांना सांगायचे, पोरगा सुटीच्या शिबिराला गेला आहे. मात्र ही गोष्ट सुरू होते न होते तोच मोठा झालेला स्टॅन (आवाज जॅक ब्लॅक यांचा) ‘थांबा, आधी तेव्हाचे दिवस कसे होते ते ऐका’ अशा थाटात तिला बाजूला सारतो आणि बराच वेळ तिकडे फिरकतच नाही. चित्रपटाचा जीव या लांबलेल्या आडवळणातच आहे.

हे दिवस आहेत टेक्सासमधील ह्यूस्टनच्या उपनगरातले. नासाचे अंतराळयान केंद्र (१९७३पासून जॉन्सन स्पेस सेंटर) १९६३मध्ये इथे सुरू झाले आणि कालपर्यंत गुरे चरत होती त्या सपाट माळावर एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. लिंकलेटर यांचा जन्म ह्यूस्टनचाच, १९६०चा. स्टॅन सहा भावंडांत शेंडेफळ. वडील नासात आहेत खरे, पण मालाची आवक-जावक बघणाऱ्या खात्यात. वर्गात सांगताना स्टॅनला ते कमीपणाचे वाटते. आई आठवड्याभराची सँडविचे एकदमच करून गोठवून ठेवते. डास मारायची फवारणी गाडी आली की पोरे सायकली घेऊन त्या धुरात घुसतात. शाळेत पाठीमागे फळीचा मार मिळतो, मोठी बहीण चंद्रावरच्या खर्चाबद्दल कुरकुरते आणि टीव्हीवर व्हिएतनामचे युद्ध चालूच असते. लिंकलेटर गोडवा पुरेपूर घेतात, पण त्या धुरात कीटकनाशक होते हे लपवत नाहीत. याद्या कधी कधी जास्तच लांबतात, हेही खरे.

चित्रांची पद्धत रोटोस्कोपिंगची, म्हणजे आधी नट-नट्यांचे चित्रण करायचे आणि मग त्यावर रेखाटायचे. लिंकलेटर यांनी ‘वेकिंग लाइफ’ (२००१) आणि ‘अ स्कॅनर डार्कली’ (२००६) याच वाटेने केले होते. इथले चित्रण २०२०च्या सुरुवातीला ऑस्टिनमध्ये हिरव्या पडद्यासमोर झाले. जुन्या घरगुती फिल्मांचा आधार घेत घरे, दुकाने, टीव्हीवरचे कार्यक्रम नंतर रंगवले गेले. खरे घडलेले जेवणाचे टेबल आणि कधीच न झालेली चांद्रमोहीम अशी एकाच रेषेत, एकाच रंगात येतात. कुठे सांधा आहे ते डोळ्याला सापडत नाही, आणि या विषयाला तेच हवे होते.

२० जुलैच्या रात्री सगळे घर टीव्हीपुढे जमते, तेव्हा दिवसभर ॲस्ट्रोवर्ल्ड या मनोरंजन उद्यानात हुंदडून आलेला स्टॅन पेंगुळलेला असतो. वडिलांना हळहळ वाटते, पोराचे बघायचे राहिले. आई म्हणते, झोपला असला तरी पुढे त्याला वाटेलच की आपण सगळे पाहिले. (अपोलो ११चे यान चंद्रावर उतरले तेव्हा भारतात २१ तारखेच्या पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटे झाली होती. दूरचित्रवाणी तेव्हा फक्त दिल्लीत. मुंबईत ती ऑक्टोबर १९७२मध्ये आली. त्या दिवशी मुंबई-पुण्यात चंद्रावरचे पाऊल ‘पाहिल्याचे’ ज्यांना आठवते, त्यांनी ते नंतर वर्तमानपत्रातल्या फोटोंत किंवा वृत्तपटात पाहिलेले असणार.)

रोटोस्कोपिंगमुळे एक वादही झाला. ऑस्करच्या ॲनिमेशनपट विभागासाठी अकादमीने चित्रपट सुरुवातीला नाकारला. यात प्रत्यक्ष चित्रणाचा वापर फार आहे, असे कारण दिले. लिंकलेटर यांनी दाद मागितल्यावर २०२२च्या अखेरीस तो पात्र ठरला. नामांकन मात्र मिळाले नाही.