तरीचा हक्क (कृष्णाकाठ)

नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसे, जनावरे व माल नावेने उतरवण्याचा, त्याबद्दल उतराई (नावेचे भाडे) घेण्याचा आणि त्या वाटेने ये-जा करण्याचा हक्क. बोलण्यात हे तिन्ही एकच मानले जातात. कायद्यात मात्र पहिले दोन नावाड्याचे किंवा मक्तेदाराचे आणि तिसरा सर्व लोकांचा आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जलमार्गाच्या वादांचे मूळ बहुतेक या भेदात सापडते.

‘तर’ (नावेने नदी उतरण्याची सोय) हा शब्द स्त्रीलिंगी असून ‘पार जाणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘तृ’ धातूशी त्याचे नाते आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (श्लोक ४०४) ‘पणं यानं तरे दाप्यम्’ असा तरीचा दर येतो : गाडीला एक पण (त्या काळचे नाणे), माणसाच्या ओझ्याला अर्धा, जनावराला पाव आणि रिकाम्या हाताने जाणाऱ्याला त्याच्याही निम्मा. दोन महिन्यांपुढील गर्भवती व संन्यासी यांना माफी आहे (४०७). नावाड्यांच्या चुकीने माल बुडाला तर सर्व नावाड्यांनी मिळून भरपाई द्यावी, दैवी आपत्ती असेल तर दंड नाही (४०८–४०९). कौटिलीय अर्थशास्त्रातील नावध्यक्षाच्या (नावांवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणाचा रोख असाच आहे. मनुस्मृतीचा काळ सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० च्या दरम्यान धरतात. त्यातले दर कृष्णाकाठी प्रत्यक्ष चालत होते, असा अर्थ त्यातून काढू नये. महत्त्वाचा आहे तो ४०६ वा श्लोक. नदीतून लांब पल्ल्याने जायचे असल्यास देशकाल पाहून दर ठरवावा, असे तो सांगतो. आडवे उतरणे आणि उभे जाणे हा फरक तेव्हाही ध्यानात होता.

कृष्णेवरचा हक्क मुख्यतः आडव्या वाटेचा आहे. पावसाळ्यात पाण्याला ओढ जबर आणि उन्हाळ्यात जागोजागी पायउतार; अशा नदीत लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला फारसा वाव नव्हता. गावची तर कोळी, भोई किंवा आंबी चालवत. गावकऱ्यांकडून सुगीला धान्याचे बैते (कामाचा ठरीव मोबदला) आणि परक्याकडून रोख उतराई, अशी रीत होती. (उपकार फेडणे या अर्थाचे ‘उतराई होणे’ याच उतराईवरून आले असे काहीजण मानतात, ‘उतरणे’ या क्रियापदापासून दोन्ही स्वतंत्रपणे आले असण्याचा संभव अधिक.) महापुरात गुऱ्हाळातली रस आटवायची लोखंडी काहीलही पाण्यात सोडतात : मध्ये म्हातारीकोतारी व पोरे, कडेला धरून पोहणारे दोघे-चौघे. नौकेच्या कायदेशीर व्याख्येत काहील बसवायची, तर शब्दांची बरीच ओढाताण करावी लागेल.

नदी ‘नौकानयनक्षम’ केव्हा म्हणावी, यावर मतभेद आहेत. इंग्लंडच्या कायद्यात भरती-ओहोटीच्या पाण्यावर लोकांचा नौकानयनाचा हक्क गृहीत असतो, तर भरती न पोचणाऱ्या नदीचा तळ सामान्यतः काठच्या मालकांचा. ही कसोटी लावली, तर सांगलीपाशी कृष्णा बादच होते. बंगालमधील मासेमारी-हक्काच्या ‘श्रीनाथ रॉय विरुद्ध दीनबंधू सेन’ खटल्यात (१९१४) इंग्लंडमधील नद्यांचे नियम इकडच्या नद्यांना जसेच्या तसे लावण्याबाबत प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश अमलातील शेवटच्या अपिलाच्या न्यायासनाने) सावधगिरी दाखवली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार खासगी मालकीचे नसलेले नदीपात्र शासनाचे असते, त्यामुळे काठमालकाचा प्रश्न येथे बराचसा गळून पडतो. उरते ती वहिवाट. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ रूढीने आलेले हक्क मान्य करतो, आणि कृष्णाकाठी भरतीच्या कसोटीपेक्षा हाच आधार अधिक सयुक्तिक वाटतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्येही (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२) लोक कायदेशीरपणे वापरतात त्या ‘नदी किंवा प्रवाहा’तील अडथळा दूर करण्याची तरतूद आहे. तेथे भरतीचा उल्लेख नाही.

तरींसाठी मुंबई इलाख्यात १८६८ चा दुसरा अधिनियम झाला. सार्वजनिक तर जाहीर करणे, दर ठरवणे आणि वसुलीचा मक्ता देणे या गोष्टी त्याने नियमात आणल्या. तो लागू होता ब्रिटिश मुलखापुरता. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते, पण सांगली, मिरज, औंध ही संस्थाने होती आणि मुलूख एकमेकांत गुंतलेले. नदीच्या दोन काठांवर दोन अंमल असले की तर कोणाची, हा प्रश्न उभा राही. सांगलीत १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि सांगलीवाडीकडे जाण्यासाठी नावेवर विसंबण्याची गरज संपली. पूल झाला की तरीचा वाद बहुधा आपोआप मिटतो.

बंधाऱ्यांनी मात्र नवा प्रश्न आणला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. बर्गे असेपर्यंत वरची नाव खाली येत नाही. सिंचनापुढे नौकानयन मागे पडले, तरी हक्क म्हणून ते पुसले गेलेले नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या (बच्छावत) आदेशात पाण्याच्या लाभदायक वापरांत नौकानयनही मोजले आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ मध्ये कृष्णेचा जलमार्ग कर्नाटकातील गलगलीपर्यंतच धरला आहे. त्याच्या वरची सांगली-साताऱ्याची नदी त्यात येत नाही.

सुरक्षिततेची बाजू वेगळी. भाड्याने माणसे नेताना नाव असुरक्षित असणे किंवा तिच्यात जादा भार घेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८२ खाली गुन्हा होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ मध्ये आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे नाव उलटून अनेकांचा बळी गेला. ती उतराई घेणारी तर नव्हती, पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव होती.

कृष्णेची उपनदी कोयना, तिच्या धरणाच्या शिवसागर जलाशयात प्रश्नाचे रूप पालटते. जुन्या वाटा धरणाखाली गेल्या आणि पलीकडच्या गावांना तापोळा-बामणोलीकडे यायला लाँच हाच रस्ता उरला. पाणी जलसंपदा विभागाचे आणि पलीकडचा काठ अभयारण्याचा, म्हणून वन विभागाचा. बामणोलीहून वासोट्याला जाणारा पाण्यावर बोटवाल्याचे भाडे देतो, आणि किल्ला चढायचा तर त्याला वन विभागाची परवानगी लागते.