उंबराचं फूल

फार दिवसांनी कुणी दारात आलं की आपण म्हणतो, 'अगदी उंबराचं फूल झालायस!' उंबराचं फूल दिसत नाही म्हणून हे बोलणं रूढ झालं. पण ते आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. खोडाला लगडलेली हिरवी दोडी फोडली की आतल्या पोकळीला लागून जे बारीक दाणे दिसतात, ती सगळी फुलंच. एका दोडीत शेकड्यांनी, हजारांनी. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतल्या बाजूला फुललेली, तोंड मिटलेली फुलांची परडी आहे.

सजीव एकमेकांशी आणि भोवतालच्या हवा-पाणी-मातीशी कसे बांधलेले असतात, हे शोधणाऱ्या शास्त्राला १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने नाव दिलं, 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण त्याला परिस्थितिकी म्हणतो. शब्द जरा जड आहे, पण त्यात काय काय येतं ते कळायला ही एक दोडी पुरते.

मिटलेल्या दोडीत पराग पोहोचतात कसे? दोडीच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक बारीक तोंड असतं. फुलं तयार झाली की दोडीला एक खास वास सुटतो आणि त्या वासावर चिलटाएवढी एक गांधीलमाशी येते. खवल्यांमधून घुसताना तिचे पंख तुटतात. परतीची वाट बहुधा संपलेलीच असते. अंगावरच्या इवल्या खिशांतून आणलेले पराग ती फुलांवर टाकते आणि काही फुलांत अंडी घालते. अंडं पडलेल्या फुलाची गाठ होते आणि अळी तिथेच वाढते. उरलेल्या फुलांत बी धरतं. म्हणजे झाड आपली काही फुलं माशीच्या पिलांना देऊन टाकतं आणि त्या मोलाने बाकीच्यांत बी मिळवतं.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. गाठीतल्या माद्यांशी मीलन करायचं, दोडीच्या भिंतीला भोक पाडायचं आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. नेमकी याच वेळी आतली नर-फुलं पिकतात. माद्या पराग भरून घेतात आणि त्या भोकातून उडून जातात. झाड आणि माशी यांचा हा व्यवहार सहा कोटी वर्षांहून जुना आहे. वड, पिंपळ, अंजीर ही सगळी याच कुळातली.

जिथे अन्न, तिथे वाटेकरी येणारच. काही माश्या पराग आणत नाहीत. बाहेरूनच दोडीला भोक पाडून त्या आतल्या अळ्यांवर अंडी घालतात. त्यासाठी त्यांना केसाहून बारीक, लांब नळी असते. अशा एका माशीच्या नळीच्या टोकात जस्त असल्याचं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. कच्च्या उंबराची टणक साल भेदायला गिरमिटाच्या टोकासारखंच कडक टोक लागतं! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ हातातली दोडी फिरवून बघत होतो.

या माश्यांच्या मागावर असतात मुंग्या. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, कोकणातले हुमले, दोड्यांवर फिरत असतील तर बाहेरच्या माशीला निवांत बसून भोक पाडता येत नाही. उंबराला याचा फायदा होतो. पण मुंग्या आपलं पोट भरत असतात. बाहेर पडणारी परागवाली माशी सापडली तर तीही त्यांच्या तोंडी जाते.

पिकलेल्या उंबरांवर तांबट, बुलबुल, धनेश, वानरं तुटून पडतात, आणि रात्री वटवाघळं. त्यांच्या विष्ठेतून बी लांब जाऊन पडतं. आंबा-जांभळाला ठरलेला हंगाम असतो. उंबराचं तसं नाही. एका झाडाच्या दोड्या साधारण एकदमच पिकतात, पण शेजारच्या झाडाची वेळ वेगळी असते. म्हणून इतर फळं संपलेली असतात त्या दिवसांतही जंगलात कुठला तरी उंबर पिकलेला सापडतो. पाखरांचे कठीण दिवस अशा झाडांवर निघतात.

माशीचंही आयुष्य याच वेगवेगळ्या वेळांवर टिकून आहे. ती जगते जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात तिला दुसरा उंबर गाठायचा असतो, आणि त्याच्या दोड्या त्याच दिवशी फुललेल्या असाव्या लागतात. आफ्रिकेतल्या नामिबियात, उंबराच्याच जवळच्या नात्यातल्या झाडाच्या माश्या वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं आढळलं आहे. पण वारा नेईल तिथे झाड असेलच असं नाही. त्यात उन्हाचा धोका. सिंगापुरात केलेल्या प्रयोगांत तापमान तीन अंशांनी वाढवल्यावर अशा माश्यांचं आयुष्य काही तासांवर आलं.

दत्ताचं झाड म्हणून उंबरावर सहसा कुऱ्हाड पडत नाही. कृष्णाकाठी औदुंबरला, नृसिंहवाडीला त्याचा मान आहेच, पण गावोगावच्या ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेलाही तो या श्रद्धेमुळे उभा राहिला. रस्ता रुंद करताना मात्र एक झाड तोडून दुसरीकडे दहा रोपं लावल्याचा हिशेब मांडला जातो, तो मला पटत नाही. रोपाला दोड्या धरायला वर्षं जातात, आणि पराग घेऊन निघालेल्या माशीला झाड उद्या हवं असतं.