वर्ल्ड सोलर चॅलेंज

वर्ल्ड सोलर चॅलेंज : केवळ सौर ऊर्जेवर चालणाऱ्या मोटारींची ऑस्ट्रेलियातील दीर्घ पल्ल्याची शर्यत. उत्तरेकडील डार्विन ते दक्षिणेकडील ॲडलेड असा सुमारे ३,००० किमी.चा मार्ग असून त्याचा बहुतेक भाग स्टुअर्ट महामार्गावरून जातो. पहिली शर्यत १९८७ मध्ये झाली.

या शर्यतीचा उगम सामान्यतः हान्स थोलस्ट्रप या डॅनिश वंशाच्या साहसवीराच्या प्रवासात शोधला जातो. डिसेंबर १९८२ ते जानेवारी १९८३ या काळात थोलस्ट्रप व मोटारशर्यतपटू लॅरी पर्किन्स यांनी ‘क्वाएट अचीव्हर’ ही सौर मोटार पर्थहून सिडनीपर्यंत, म्हणजे सुमारे ४,००० किमी., २० दिवसांत नेली. सरासरी वेग ताशी २५ किमी.हूनही कमी पडला. मात्र तिला जगातील पहिली सौर मोटार म्हणणे योग्य नाही. जनरल मोटर्सच्या विल्यम कॉबने १९५५ मध्येच सेलेनियमच्या घटांवर (प्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या सौर घटांवर) चालणारी छोटी प्रतिकृती दाखवली होती. शर्यतीचे आद्यत्वही वादाचे आहे. स्वित्झर्लंडमधील ‘तूर द सोल’ ही १९८५ मध्ये, म्हणजे दोन वर्षे आधी सुरू झाली. तिच्यातील काही गटांत पायडलची जोड चालत असे, या मुद्द्यावर तिला कोणी बाजूला सारतात. परंतु निव्वळ सौर गटही तिच्यात होते; त्यामुळे शर्यत म्हणून पहिला मान स्विस स्पर्धेकडे व खंड ओलांडण्याचा मान ऑस्ट्रेलियाकडे, अशी वाटणी अधिक पटते.

१९८७ ची शर्यत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने ताशी सुमारे ६७ किमी. सरासरी वेगाने जिंकली. पॉल मॅक्‌क्रेडी यांच्या एरोव्हायरन्मेंट कंपनीने घडवलेल्या या थेंबासारख्या मोटारीचा वायुरोध गुणांक (हवेचा अडथळा मोजणारा अंक; जितका कमी तितका चांगला) ०·१२५ च्या आसपास होता आणि हेच तिच्या यशाचे मर्म. मोटारीवर ४ चौ. मी. घट असतील, तर भर दुपारी साधारण एक किलोवॉट शक्ती मिळते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीला लागते तेवढी. उलट हवेचा रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; ताशी ८० वरून १०० किमी.वर जायचे, तर ती जवळपास दुप्पट लागते. म्हणून घट सुधारण्याइतकाच मोटारीचा आकार सुधारण्यावर संघांचा भर असतो.

त्यानंतर १९९० मध्ये बील येथील स्विस अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९३ व १९९६ मध्ये होंडा, १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ऑरोरा संघ विजयी झाला. २००१ पासून नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या ‘नुना’ मोटारींनी सलग चार विजय मिळवले. २००५ मध्ये ‘नुना ३’ची सरासरी १०२ किमी.च्या पुढे गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वेगमर्यादा ११० किमी. असल्याने पुढे फारशी वाट उरली नव्हती. तेव्हा आयोजकांनी नियमच आवळले. २००७ मध्ये घटांचे क्षेत्रफळ ६ चौ. मी.वर आणले व चालकाने सरळ बसावे असे ठरवले. २०१३ मध्ये चार चाके सक्तीची केली. २०१७ मध्ये सिलिकॉन घटांचे क्षेत्रफळ ४ चौ. मी. झाले. तरीही वेग फार ढासळला नाही.

सकाळी ८ ते सायंकाळी ५ एवढाच वेळ मोटारी धावतात. ठरलेल्या थांब्यांवर अर्धा तास थांबावे लागते. पाच वाजले की मोटार जिथे असेल तिथेच रस्त्याकडेला मुक्काम पडतो आणि संघातील मुले घटांचे कवच उचलून मावळतीकडे तिरके धरून उभी राहतात, तेवढीच बॅटरीत भर. ५० मी.हून लांब रोडट्रेन (एकामागे एक डबे जोडलेले मालट्रक) बाजूने गेल्या की हलक्या मोटारी झोत लागून हेलकावतात. २०१९ मध्ये आघाडीवरील ट्वेंटे या नेदरलँड्समधील संघाची मोटार वाऱ्याने रस्त्याबाहेर उलटली. पुढे अखेरच्या दिवशी आघाडीची ‘नुना’ पेटली आणि बेल्जियमचा संघ विजयी ठरला. चालक बचावले.

एकापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या व्यवहार्य मोटारींसाठी २०१३ पासून ‘क्रूझर’ हा गट आहे. त्यात प्रथम नेदरलँड्समधील आइंडहोव्हनची ‘स्टेला’ जिंकली. २०२१ ची शर्यत महासाथीमुळे झाली नाही. २०२५ ची शर्यत ऑगस्टमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात झाली.