मोकळ्या जागेतील वायफाय: मेश आणि बॅकहॉल

विसर्जन मिरवणुकीसाठी पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावर तात्पुरते वायफाय उभारायचे म्हटले, की ‘मेश लावले म्हणजे बॅकहॉलचा प्रश्न मिटला’ असे सहज बोलले जाते. दोन्हींत उपकरणे हवेतूनच एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे हा गोंधळ होतो. मात्र मेश ही जोडणीची एक रचना आहे, जिच्यात प्रत्येक उपकरण म्हणजे नोड शेजारच्या नोडमार्फत डेटा पुढे पाठवतो, आणि बॅकहॉल हे एक काम आहे. लोकांच्या मोबाइलवरून ॲक्सेस पॉइंटकडे (मोबाइलला वायफाय पुरवणाऱ्या उपकरणाकडे) आलेला सगळा डेटा जिथे फायबर आहे तिथपर्यंत नेणे आणि तिथून परत आणणे, हे ते काम होय. मेशकडून ते करून घेता येते, पण त्याची किंमत क्षमतेच्या रूपाने द्यावी लागते.

साध्या मेशमध्ये प्रत्येक नोडला एकच रेडिओ असतो, सर्व नोड एकाच चॅनेलवर चालतात आणि एक नोड प्रक्षेपण करत असताना आसपासच्या नोडना थांबावे लागते. समजा, बेलबाग चौकातील नोडला फायबर जोडलेली आहे आणि तिथे प्रत्यक्ष १२० एमबीपीएस मिळतात. पुढच्या नोडखालील मोबाइलसाठी तोच डेटा हवेतून दोनदा पाठवावा लागतो, म्हणून तिथे जास्तीत जास्त ६० उरतात आणि त्याच्या पुढच्या नोडवर ४०. शिवाय हे आकडे एका माणसाचे नसून त्या चॅनेलवरील सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचे असतात. नोड वाढवल्याने रेंज वाढते, क्षमता वाढत नाही. मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते आणि तरीही फोटो पुढे सरकत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

स्वतंत्र बॅकहॉलमध्ये दोन ठिकाणांदरम्यान वेगळे रेडिओ, वेगळे चॅनेल आणि एकाच दिशेला रोखलेले अँटेना असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच (१, ६ आणि ११) असल्यामुळे तो पट्टा मोबाइलसाठी राखून बॅकहॉल ५ गिगाहर्ट्झवर न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे; २०१८ पासून भारतात या पट्ट्याचा बराच भाग शक्तीची मर्यादा पाळून घराबाहेरही परवान्याविना वापरता येतो.

इथे खरी मेहनत दृष्टिरेषेची असते. समोरची गच्ची डोळ्यांना दिसणे पुरेसे नाही, कारण लहरींना रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर वेताळ टेकडीवरून शहरात ५ किलोमीटरची लिंक टाकली, तर मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे ८ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग रिकामा असावा लागतो. ५ गिगाहर्ट्झला पावसाच्या सरींचा फारसा उपद्रव नसतो. ओल्या पानांचा असतो. एप्रिलमध्ये निष्पर्ण झाडातून उत्तम चाललेली लिंक ऑगस्टमध्ये अडखळते, म्हणून पाहणी पावसाळ्यात पुन्हा करावी. ६० गिगाहर्ट्झची उपकरणे वेगवान असली तरी हवेतील ऑक्सिजन आणि पाऊस दोन्ही त्यांचा सिग्नल शोषतात, त्यामुळे ती काहीशे मीटरच्या टप्प्यांसाठीच निवडावीत.

मेशची स्वतःची जागा आहेच. बागेतील मोजके सेन्सर किंवा दोन-चार कॅमेरे असे हलके काम असेल आणि एखाद्या नोडची वीज गेल्यास दुसरा मार्ग हवा असेल, तिथे मेश योग्य ठरते. मात्र फायबरपासून दोन उड्यांपलीकडे, म्हणजे नोड ते नोड अशा दोन टप्प्यांपलीकडे, मी ती नेणार नाही.

म्हणून लक्ष्मी रस्त्याची आखणी ॲक्सेस पॉइंट मोजण्यापासून नव्हे, तर कोणत्या इमारतींत फायबर आहे हे शोधण्यापासून सुरू करावी. गणेशोत्सवातील स्वागत कमानी शेवटच्या दिवसांत उभ्या राहतात. ३०० मीटरच्या लिंकलाही मध्यभागी सुमारे २ मीटर त्रिज्येची जागा लागत असल्याने कमानींची उंची मंडळांकडून आधीच विचारून घ्यावी आणि अँटेना तेवढे वर बसवावेत.